गिरणी डावीकडंच आहे

अश्विनीवर अन्याय झाला. मागच्या वर्षीच्या निवड परीक्षेच्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. ही वेळ मी ठरवलेली नाही. कॅमेऱ्याने सांगितलेली आहे, आणि कॅमेरा सांगेल ते सगळं खरं असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ठरवून टाकलं असल्यामुळे आपणही ती खरी धरू.

अश्विनी वाटूरजवळच्या एका खेड्यातली. नाव तिला विचारून घातलं आहे. जालन्यातली एक खासगी संस्था दरवर्षी दहावीच्या थोड्या मुली परीक्षा घेऊन निवडते आणि दोन वर्षं त्यांची डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करून घेते. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. त्या परीक्षेत कॉपी केली म्हणून अश्विनीला बाकावरून उठवलं. तिने कॉपी केली नव्हती. ती आठवत होती.

दुसरा अन्याय झाला मॅडमवर. त्यांचं नाव घालत नाही, कारण त्यांनीच बजावलं आहे. "माझं नाव घालू नकोस गं. नाव घातलं की माणसाचा पुतळा होतो, आणि मग लोक फक्त पाया पडतात." तेव्हा पुतळा नको. जशा होत्या तशा सांगते. काही जागी माझा राग दिसेल. तो त्या संस्थेवर आहे, हे पत्रक वाचणाऱ्या तुमच्यावर आहे, आणि थोडा मॅडमवरही आहे.

परतूरला कॉलेजात असताना मी मॅडमच्या घरी पुढच्या खोलीत भाड्याने राहायची. मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पहिल्याच दिवशी खोली दाखवताना मी विचारलं, "पाणी रोज येतं का?" मॅडम थांबल्या. नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिवसाआड, हे पक्कं. सकाळी, हे बहुतेक. प्यायच्या लायकीचं असेल." मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. बाई चेष्टा करत नव्हत्या.

हे त्यांचं खूळ होतं. कोणतीही गोष्ट बोलायची तर तिला तीनपैकी एक शेपूट लावायचं: पक्कं, बहुतेक, असेल. स्वतः लावायच्याच, समोरच्यालाही लावायला लावायच्या. दूधवाला म्हणायचा, "उद्या येतो मॅडम." की लगेच, "पक्कं का बहुतेक?" तो बिचारा म्हशीवाला, दारात उभा राहून डोकं खाजवायचा. "म्हशीला विचारून सांगतो," म्हणायचा. मॅडम खूश. "हा एकटा बराबर उत्तर देतो. बाकी सगळे म्हशीच्या वतीने बोलतात."

माझी पत्रकं त्यांच्या तावडीत सापडली की हाल व्हायचे. मी तेव्हापासून पत्रकं काढते. वसतिगृहातल्या पाण्यावर एक काढलं होतं, त्यात ठळक ओळ होती: ठेकेदार चोर आहे. मॅडमनी लाल पेनाने तिच्याखाली रेघ ओढली.

"चोरताना पाहिलंस?"

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम."

"म्हणजे असेल. मग तसं लिही."

"पत्रकात 'असेल' लिहिलं तर कुत्रं तरी येईल का मोर्चाला?"

"कुत्री कमी येतील," त्या म्हणाल्या. "आलेली माणसं मात्र टिकतील. बहुतेक."

मी ती ओळ तशीच छापली. मोर्चाला बरे लोक आले होते. याची मी त्यांना आठवण करून दिली की त्या हसायच्या आणि विषय बदलायच्या.

आणखी एक. काही विसरलं की त्या डोकं धरून बसायच्या नाहीत, उठून चालायला लागायच्या. जिथं ती गोष्ट सुचली होती तिथं परत जायच्या. स्वयंपाकघरातून देवघर, देवघरातून ओटा. एकदा बाजारातून येताना रिक्षा स्टेशनजवळ आली तेव्हा म्हणाल्या, "थांबव रे. मला काहीतरी सांगायचं होतं हिला, ते वांगेवालीपाशीच राहिलं." आणि खरंच उतरून उलट पावली बाजारात गेल्या. वांगेवालीसमोर उभ्या राहिल्या, वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईचा फोन आलता." वांगेवाली म्हणाली, "मॅडम, येवढ्यासाठी आल्या का परत? मला वाटलं पिशवी राह्यली." गावात लोक हसायचे. मास्तरीणबाईंचं डोकं गेलं, असं म्हणायचे. त्यांच्या कानावर जायचं. त्या म्हणायच्या, "गेलं नाही, वांगेवालीकडं आहे."

कॉम्प्युटरचे शब्द माणसाला लावलेले त्यांना चालायचे नाहीत. मी अभ्यासाला कंटाळून म्हणाले की डोकं हँग झालं, की आतून आवाज यायचा, "हँग मशीन होतं. तू दमलीस. झोप." डोक्यात फीड कर, डेटा आहे, डिलीट मार, असं काही म्हटलं की त्या कान धरायच्या, स्वतःचा. पण त्यांचं कॉम्प्युटरशी वैर होतं असं समजू नका. कॉलेजात पहिलं मशीन आलं तेव्हा बाकीचे मास्तर त्याला हार घालून मोकळे झाले होते; मॅडम एकट्या बसून ते शिकल्या. ते मोडीत निघालं तेव्हा मागून घरी आणलं, सगळं उचकटून पाहिलं, आणि त्याचा रिकामा डबा ओट्यावर ठेवून त्यात कांदे भरले. जाळी होती ना, हवा लागते.

त्याच डब्यावर हात ठेवून त्या आम्हाला शिकवायच्या. "याच्यावर माझं प्रेम आहे. याला पत्ता सांगा, हा वस्तू जशीच्या तशी आणून देतो. दहा वर्षांनी मागा, तशीच देतो. पण काय आणून दिलं ते याला ठाऊक नसतं. मूत्रपिंड आणि मिरची याला सारखंच. आपलं तसं नाही. आपल्याला एक गोष्ट दुसरीला बांधल्याशिवाय ठेवताच येत नाही. रस्त्याला बांधा, वासाला बांधा, कुणाच्या आवाजाला बांधा. आणि परत आणताना आपण ती कपाटातून काढत नाही, पुन्हा शिजवतो. दरवेळी. म्हणून कधी मीठ जास्त पडतं. म्हणून मी बहुतेक म्हणते."

मीठ जास्त पडतं हे त्या नोकरीत असताना करूनही दाखवायच्या. तास चालू असताना शिपाई धाडकन आत यायचा, टेबलावरचं डस्टर उचलून पळून जायचा. आधी ठरलेलं असायचं. मग मॅडम विचारायच्या: कोण आलं, काय नेलं, शर्ट कोणता होता? वर्गात जितकी तोंडं तितके शिपाई निघायचे. एका वर्षी एक पोरगा उभा राहून म्हणाला, शंभर टक्के निळा शर्ट होता. शिपायाला बोलावलं, अंगात खाकी. सगळा वर्ग हसला. पोरगा बसला नाही. म्हणाला, "मॅडम, यांनी बाहेर जाऊन शर्ट बदलला."

तो पोरगा पुढे कॉम्प्युटरचे कोर्स करून मोठा झाला. आज तो त्या संस्थेचा संचालक आहे. "तोच होता ना?" मी मॅडमना विचारलं होतं. म्हणाल्या, "तोच. बहुतेक."

रविवारी ओट्यावर मुलींचा वर्ग भरायचा. आसपासच्या खेड्यांतून दहावीच्या मुली यायच्या. मॅडम पैसे घ्यायच्या नाहीत, हजेरी घ्यायच्या नाहीत, फक्त चपला ओळीत काढायला लावायच्या. अश्विनी पहिल्यांदा आली तेव्हा रडकुंडीला आलेली होती.

"मॅडम, कितीबी वाचा, लक्षातच राहत न्हाई. पुस्तक मिटलं की कोरं."

"तुझ्या घरापासून शाळेपर्यंत काय लागतं?"

"काय लागतं म्हंजे? रस्ता लागतो."

मुली फिदीफिदी हसल्या.

"रस्त्यात काय लागतं?"

"आधी आमचा हापसा. मंग पार. मंग गिरणी, पिठाची. तिथून डावीकडं वळलं की पान्याची टाकी. मंग शाळा."

"हे कधी पाठ केलंस?"

"हे कशाला पाठ करायचं? रोजचंच हाय."

"मग आता मूत्रपिंड गिरणीत ठेव."

अश्विनीने डोळे वटारले. "गिरणीत? गिरणीवाला ठिवू देईन का?"

"त्याला नको विचारूस. तिथं चाळण असते ना? मूत्रपिंड काय करतं? चाळतं. ठेवून ये."

असं त्या पोरीने अख्खं शरीर गावात मांडलं. फुप्फुसं पारावरच्या पिंपळाला टांगली, हृदय टाकीच्या मोटारीपाशी बसवलं. प्रश्न आला की ती घरातून निघायची. ओठ हलायचे, बोट मांडीवर रस्ता काढायचं, पाराशी मान वर जायची, गिरणीपाशी मान डावीकडे वळायची. उत्तर घेऊन परत यायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्या महिन्यात ती वर्गात सगळ्यांच्या पुढे होती, तेव्हा हसू थांबलं. बाकीच्या मुलींनीही आपापली गावं बसवली होती, पण इतकी भरलेली कुणाचीच नव्हती. "हिचं गाव बघा," मॅडम म्हणायच्या. "एकसुद्धा घर रिकामं नाही."

हे सगळं इतकं सांगायचं कारण, पुढचं कळावं.

परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून संस्थेने निवृत्त शिक्षक बोलावले होते, त्यात मॅडमही. हॉल चिठ्ठ्या टाकून वाटले. आपल्या हॉलमध्ये अश्विनी आहे हे दिसताच मॅडम संचालकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझी विद्यार्थिनी आहे. मला दुसरा हॉल दे." संचालक हसला. "मॅडम, तुम्ही फक्त पेपर वाटायचे. बघायला कॅमेरा आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याला जोडलेला एक प्रोग्रॅम होता. कुणी मान वळवली, ओठ हलवले, हात भलतीकडे नेला की ऑफिसातल्या पडद्यावर त्या मुलीभोवती लाल चौकट यायची आणि खाली अक्षरं: संशय, कमी, मध्यम किंवा उच्च. अकरा वाजून वीस मिनिटांनी अश्विनी गिरणीपाशी पोचली. मान डावीकडे वळली. डावीकडच्या बाकावर दुसरी मुलगी होती. चौकट आली. उच्च.

दोन माणसं हॉलमध्ये आली आणि त्यांनी अश्विनीचा पेपर ओढला. मॅडम पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "थांबा जरा. ती गावात गेली आहे."

"काय?"

"तिच्या गावात. येईलच एवढ्यात."

ते वाक्य संस्थेत अजूनही विनोद म्हणून सांगतात. कुणी उशिरा आलं की म्हणतात, गावात गेल्ता का. मला माहीत आहे, मी स्वतः ऐकलंय. त्या क्षणी मात्र हसायचंही कुणाला सुचलं नाही. अश्विनी दचकून जागी झाल्यासारखी झाली. पेपर नाही, समोर दोन पुरुष, आणि सगळा हॉल तिच्याकडे बघतोय. तिने वर्गातल्यासारखा हात वर केला, असं मॅडमनी मला सांगितलं. काही विचारायचं असेल म्हणून. कुणी विचारलं नाही काय म्हणून.

चौकशी पुढच्या आठवड्यात, संचालकाच्या खोलीत. टेबलापलीकडे तिघं: संचालक, संस्थेचे एक पदाधिकारी आणि एक वकील. अलीकडे अश्विनी, तिचे वडील, मॅडम. मॅडम साक्षीदार, तेव्हा मुलीबरोबर दुसरी कुणी बाई हवी म्हणून मी. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर ती चित्रफीत. आवाज नव्हता. आवाज नसताना आठवणारं माणूस खरंच चोरासारखं दिसतं, हे मी त्या दिवशी शिकले. तुम्हीही घरी करून बघा.

"डावीकडं कशाला पाहिलंस?" वकिलांनी विचारलं.

"गिरणी डावीकडंच हाय, सर."

"कोणती गिरणी?"

"आमच्या गावची. पिठाची."

पदाधिकाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरला. वकिलांनी तोही धरला नाही. तेव्हा अश्विनीचे वडील उभे राहिले. कुणी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "साहेब, पोरगी खोटं बोलत न्हाई. गिरणी खरंच डावीकडं हाय. चला, जीप करून दावतो तुम्हाला." मग ते पूर्ण हसले, तिघंही. वडील बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

मग मॅडम. "घ्या ना खुर्ची, मॅडम," संचालक फार अदबीने म्हणाला. "एकच प्रश्न आहे. तिने शेजारच्या मुलीच्या पेपरात पाहिलं नाही, हे तुम्ही शंभर टक्के सांगू शकता?"

मॅडमनी पडद्याकडे बघितलं, अश्विनीकडे बघितलं. मला कळलं, आता काय येणार. मी मनात म्हणत होते, नको, आज नको, एक दिवस तुमचं खूळ घरी कांद्यांत ठेवा.

"मान डावीकडं होती, हे पक्कं," मॅडम म्हणाल्या. "ओठ हलत होते, पक्कं. शेजारच्या मुलीने आपला कागद हाताने झाकलेला होता, बहुतेक. अश्विनीचे डोळे त्या कागदावर नव्हते, वर होते. बहुतेक."

"बहुतेक?"

"मी मागून येत होते. अर्धाच चेहरा दिसला. म्हणून बहुतेक."

वकिलांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला खुर्चीवरून दिसत होतं. एकच शब्द.

"मॅडम," संचालक म्हणाला, "तुम्हीच आम्हाला शिकवलं ना, माणसाच्या आठवणीवर विसंबू नका म्हणून?"

"शिकवलं. ज्याला कधीच शंका येत नाही त्याच्यावर त्याहून कमी विसंबा, हेही शिकवलं होतं. तो तास तू बुडवला असशील. बहुतेक." मग पडद्याकडे बोट दाखवून, "हे काय लिहिलंय खाली? संशय उच्च. म्हणजे तुझं मशीनसुद्धा बहुतेकच म्हणतंय की. त्याचं बहुतेक आणि माझं बहुतेक, यात फरक काय, एवढं सांग."

संचालकाने वकिलांकडे पाहिलं. वकील म्हणाले, "फरक हा, मॅडम, की मशीन कुणाची शिकवणी घेत नाही."

आपण आधीच हॉल बदलून मागितला होता, हे मॅडमनी सांगितलं. संचालकाला ते आठवलं नाही. ज्याला कधी शंका येत नाही त्याला नेमकं तेवढंच आठवलं नाही.

"मग असं करा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता बसवा तिला. डोळे बांधा फडक्याने. तेच प्रश्न विचारा, मधले विचारा, उलटे विचारा. मूत्रपिंडावर काय वाटेल ते विचारा."

"नियमात नाही, मॅडम."

अश्विनी तोवर खाली बघून बसली होती. तिने मान वर केली, माझ्या मते विचारा म्हणायला. मॅडमनीच तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

निकालात अश्विनीवर कॉपीचा शिक्का मारून खाली लिहिलं होतं: पर्यवेक्षकांनाही खात्री नाही. तो 'ही' वाचून मला जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही. म्हणजे मशीनला खात्री होती, आणि नसलीच तर त्याचा दोषही मॅडमच्या नावावर टाकला.

जालन्याहून परतूरला आम्ही रेल्वेने आलो. वडील गाडीच्या दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत. अश्विनीने एकदाच विचारलं, "मॅडम, मी वळायला नको होतं का?" मॅडम म्हणाल्या, "वळायलाच हवं होतं. गिरणी तिकडंच आहे." पण ते असं म्हणाल्या की मला पहिल्यांदाच कळेना, हे पक्कं आहे का बहुतेक.

घरी आल्यावर मी ओट्यावर भांडले.

"एकदा म्हणायचं होतं, मॅडम. फक्त एकदा."

"काय?"

"शंभर टक्के."

"मला शंभर टक्के दिसलं नव्हतं."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. त्यांनी दिसलं का, असं विचारलं."

"पोरीचं आयुष्य गेलं त्यात. तुमच्या एका शब्दात."

त्यांनी कांद्यांच्या डब्याकडे बघितलं. "दिसलं नाही ते दिसलं म्हटलं असतं," म्हणाल्या, "तर त्या डब्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता? त्याच्यात निदान कांदे तरी आहेत."

हे ऐकून कुणीतरी वा म्हणेल. मी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही. मला वाटतं, त्या खोलीत बसलेल्या तिघांना खोटं चालत होतं आणि खरं बोलणारी एकटीच आपल्या बाजूला होती, म्हणून आपण हरलो. आणि तरीही, त्या खोटं बोलल्या असत्या तर मी हे लिहायला बसले नसते. हे दोन्ही माझ्या डोक्यात एकत्र राहतं. डब्यात राहिलं नसतं.

त्यानंतर वर्ग हळूहळू तुटला. पोरींना वाकडंतिकडं बघायला शिकवते, असं आयांमध्ये सुरू झालं. एका रविवारी ओट्याखाली एकही चप्पल नव्हती. मॅडम तशाच बसून होत्या, हातात खडू घेऊन. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं बदललं. चहा घेणार का? "शंभर टक्के." आज ऊन आहे ना? "शंभर टक्के." मला आधी गंमत वाटली, मग भीती वाटायला लागली. ती चेष्टा नव्हती. कुणीतरी घरातलं मेल्यासारखी त्यांनी 'बहुतेक' आणि 'असेल' ही दोन शेपटं टाकून दिली होती.

एका सकाळी दूधवाल्याने विचारलं, "मॅडम, उद्या दूध घेनार ना?" आतून आलं, "शंभर टक्के." दुसऱ्या दिवशी मी गावाहून परतले तर तो कुलपासमोर कॅन घेऊन उभा. मॅडम लातूरला बहिणीकडे निघून गेल्या होत्या. किल्ली माझ्या खोलीच्या चौकटीवर ठेवून. तो म्हशीवाला मला म्हणाला, "ताई, काल तर शंभर टक्के म्हन्ल्या होत्या." कांद्यांना कोंब फुटले होते.

मध्यंतरी त्यांचा एकदा फोन आला. नाव घालू नको म्हणाल्या तो हाच फोन. त्याआधी पहिला प्रश्न: "अश्विनी वळते का गं अजून?"

नाही वळत. परवाच भेटून आले. परतूरला अकरावीला आहे, कला शाखा, दुपारी मामाच्या कापडाच्या दुकानात बसते. मी समोर असताना एक बाई आली, अमुक रंगाचं अस्तर मागितलं. अश्विनी उठली, मान सरळ, ओठ मिटलेले, शोधायला वेळ लागला. मला राहवलं नाही. "गाव आहे का गं अजून?" विचारलं.

"हाय ना. जाऊन कुठं जातंय." ती अस्तर मोजत राहिली. "पर मी जात न्हाई आता. मान हलली की भ्या वाटतं. कुठं कॅमेरा असंल काय माहीत." दुकानाच्या कोपऱ्यातही एक होता. मामाने चोरांसाठी लावलेला.

आता ऐका. दहावीनंतर एक वर्षापर्यंत त्या परीक्षेला बसता येतं, असा संस्थेचाच नियम आहे. म्हणजे यंदा, एकदाच. अश्विनीचा अर्ज परत आला आहे, मागच्या वर्षीच्या शिक्क्यामुळे. शिक्का निघायला एक साक्ष हवी, आणि ती देऊ शकेल अशी एक व्यक्ती आहे जिला आजवर कुणीही, मशीनने नाही, वकिलांनी नाही, काहीही विचारलेलं नाही: डावीकडच्या बाकावरची मुलगी. आपला कागद आपण झाकला होता की नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती निवडली गेली. संस्थेच्या वसतिगृहात राहते. म्हणून गप्प आहे, असं मला वाटतं. मॅडम इथं असत्या तर या वाक्याखाली लाल रेघ ओढून म्हणाल्या असत्या, असेल. बरं, असेल.

तिच्या आईबापांनो, हे पत्रक तुमच्या गावात मी स्वतः वाटलं आहे. तुमची मुलगी जागेवरून उठवली जाणार नाही, यासाठी लागेल तितके दिवस मी संस्थेच्या फाटकाशी बसेन. तिला समोर बसवा, धाक घालू नका, आणि विचारा काय झालं होतं. आठवताना ती वर बघेल, ओठ हलवेल, मान वळवेल. वळवू द्या. मग परीक्षेच्या आधी तिला संचालकासमोर घेऊन या आणि पक्कं असेल ते पक्कं, बहुतेक असेल ते बहुतेक, जे असेल ते तिच्या तोंडाने सांगू द्या.